गच्चीवरच्या चान्या

माझ्या नवऱ्याचा जबडा तारेने बांधलेला आहे, आणि तो ज्यांनी फोडला त्यांचं म्हणणं असं की चूक आमचीच, आम्ही आधी सांगायला हवं होतं.

सासूबाईंच्या तोंडाची चव गेली, तिथून हे सुरू झालं. सरुबाई, वय ऐंशीच्या पुढे, लोणी काळभोरहून उपचारासाठी वारज्याला आमच्याकडे आल्या. पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलेलं. मागतील ते खायला द्या, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी चान्या मागितल्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावून उन्हात वाळवायच्या आणि निखाऱ्यावर भाजून खायच्या. त्यांच्या लहानपणी गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या माणसांच्या माथी, आणि त्याचंच मांस वाळवून पावसाळा काढायचा. धम्म घेतला तेव्हा आम्ही ते सगळं सोडलं. माझ्या वडिलांनी तर घरात त्याचं नावही काढू दिलं नाही. म्हणून मी फटकन बोलले, की जे सोडण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला तेच कशाला परत मागता.

"मेलेलं ढोर सोडलं, लई ब्येस केलं," त्या म्हणाल्या. "पर चव हाय ना जिभेवर. ती कुठं टाकू?"

माझे मिस्टर संभाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उभ्या आयुष्यात कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोकडाचं मांस आणलं, स्वतः पट्ट्या कापल्या आणि सोसायटीच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीला टांगल्या. मग कावळे हाकलायला खुर्ची टाकून बसले.

कावळे परवडले. चेअरमन श्यामरावांचा मुलगा सलिल वर आला, दोरी पाहिली, फोटो काढला आणि खाली गेला. मी चहा घेऊन वर पोचले तेव्हा तो चार मित्रांना घेऊन परत आला होता.

"कशाचं आहे हे?"

"माझ्या आईसाठी आहे," हे म्हणाले.

सलिलने पुन्हा विचारलं. यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने मुस्काटात मारली आणि हे खुर्चीसकट मागे पडले. चष्मा लांब उडाला. एकाने दोरीचा बांबू उपसला आणि यांच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी धावले तर दुसऱ्याने माझा हात पिरगाळला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, त्याने माझं डोकं पाण्याच्या टाकीवर आपटलं. उरलेले दोघे यांच्या बरगड्यांत लाथा घालत होते आणि प्रत्येक लाथेला विचारत होते, बोल, कशाचं आहे. हे काही बोलेनात.

सलिलने एक पट्टी ओढून काढली आणि यांच्या तोंडात कोंबली. खा म्हणाला, हेच ना तुमच्या लोकांचं खाणं. यांनी त्याच्याकडे बघत ती चावायला सुरुवात केली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि हे सावकाश, नीट चावत होते. ते त्याला सहन झालं नाही. त्याने मित्राच्या हातातून बांबू घेतला आणि सरळ तोंडावर मारला. दोन दात फरशीवर पडले. मग तोच बांबू त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

"बोकडाचं आहे," मी ओरडले. "बोकडाचंच आहे ते."

बांबू खाली आला नाही. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने यांचा चष्मा शोधून आणला आणि यांच्या छातीवर ठेवला.

"मग काका," तो म्हणाला, "आधी सांगायचं ना."

पोलीस आले. उरलेल्या पट्ट्या तपासणीसाठी पिशवीत भरल्या. मांस सरकारी गाडीतून गेलं आणि माझा नवरा रिक्षातून.

दवाखान्यातून घरी आल्यावर हे माझ्याकडे बघेनात. सूप मी पाजायला गेले की मान फिरवायचे, वाटी बाजूला ठेवली की स्वतः नळीने ओढायचे. शेवटी मी चिडले. म्हटलं, मी बोलले नसते तर त्याने तुम्हाला मारून टाकलं असतं.

"मारलं त्यांनी असतं," हे बांधलेल्या दातांमधून म्हणाले. "जाब तू दिलास."

इतका राग आला मला. जीव वाचवला त्याचं हे. पण रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं, कारण ते खरं होतं. त्या पोरांना विचारायचा हक्क होता, हे मी ओरडून कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव आले. हे समोर कॉटवर होते. श्यामराव फार अदबीने बोलले. गैरसमज झाला, मुलं तापट आहेत, आपण तक्रार मागे घ्यावी, दवाखान्याचं बघता येईल. मटण आहे हे कळलं असतं तर कोणी हातसुद्धा लावला नसता, झाल्या प्रकाराची मी माफी मागतो.

"कोणाची मागताय?" मी विचारलं. "यांची की बोकडाची?"

ते कसनुसं हसले. "ललिताताई, दुसरं काही असतं तर मात्र गोष्ट वेगळी होती, हे तुम्हीसुद्धा मान्य कराल."

मी यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हे माझ्याकडे बघत होते. तपासणीत बोकडच निघणार होता, मला ठाऊक होतं. आतल्या खोलीतून सासूबाई कोणाला तरी विचारत होत्या, वाळलं का रं.

"मग गोष्ट वेगळीच होती," मी म्हणाले. "मी खोटं बोलले तेव्हा. बोकड नव्हता तो."

श्यामरावांचा चेहरा उतरला आणि मग तांबडा झाला. ते ताडकन उठले. जिन्यात पोचायच्या आतच त्यांनी फोन कानाला लावला, आणि सलिलला लगेच वर ये म्हणताना मी ऐकलं.

मी दार लावायला गेले. हे भिंतीचा आधार घेत, मोडका पाय ओढत माझ्यामागे आले आणि त्यांनी माझा हात धरला. दार आम्ही उघडंच ठेवलं. खालून जिन्यात पावलं वाजायला लागली.