शक्तीचं औषध

डॉक्टरांनी मागचा आणि आजचा, दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चंपतरावांची खालची पापणी ओढून पाहिली. डोळा हळदीसारखा पिवळा होता.

"लिव्हरचे एन्झाइम उतरायचे सोडून दुप्पट झालेत. दारू पुन्हा सुरू केलीत ना?"

"नाही जी. आईची आन, बाहेर थेंब घेतला नाही."

शेजारी बसलेली त्यांची बायको वच्छलाबाई पुढं सरकली. जैनथजवळच्या त्यांच्या गावात बायांनी दारूचं दुकान बंद पाडलं, तेव्हा ती सगळ्यांत पुढं होती. दिवेलागणीला दारातच नवऱ्याचं तोंड हुंगायचं, वास आला तर गावासमोर घराबाहेर काढायचं, हा नेमही तिचाच. तो सांगताना तिचा आवाज चावडीपर्यंत गेला होता.

"मी सोता हुंगतो जी रोज," ती म्हणाली. "दारूचा वास नसते."

"मग हे वाढलं कशानं? असंच चाललं तर हा माणूस दिवाळी पाहणार नाही."

ती घाबरली आणि घाबरली म्हणूनच नवऱ्यावर उसळली.

"खरं सांगा! काऊन लपवून राह्यले?"

चंपतरावांनी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"दुसरं काही घेतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"शक्तीचं औषध देतो मी. दोन्ही टाइम पेलाभर," वच्छलाबाई म्हणाली.

गावातल्या वैद्यानं दोन चमचे सांगितले होते. माणूस लवकर उभा राहावा म्हणून तिनं पेला केला होता. पिशवीतून बाटली काढून तिनं जरा अभिमानानंच पुढं ठेवली.

डॉक्टरांनी बूच काढून नाकाशी धरलं. लवंग-दालचिनीचा वास सुटला.

"बाई, हे द्राक्षासव. द्राक्षं आंबवून करतात. यातही दारूच असते. आणि तुम्ही पेला पेला पाजताय?"

बाहेर लिंबाखाली आल्याबरोबर तिनं विचारलं.

"तुमाले मालूम होतं?"

"पयल्याच घोटाले समजलं."

"मंग बोलले काऊन नाही?"

चंपतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मले वाटलं, तू समजूनच देऊन राह्यली. गावासमोर बोलता येत नाही म्हून औषध म्हणत असशील. वाटलं, तुले दया आली माही."

वच्छलाबाईनं बाटली झाडाच्या बुंध्याशी उपडी केली. माती ओली होत गेली, तिकडे चंपतराव बघत राहिले.

पदराला पुसायच्या आधी तिनं औषधानं भिजलेला आपला हात नाकाशी नेला आणि हुंगला.