विहिरीतला दगडी कापूस

वामनरावांच्या विहिरीत चाळीस फुटांवर काळा खडक फुटला आणि आतून पांढऱ्या सुयांचा गोळा निघाला. उमललेलं कापसाचं बोंडच, पण दगडाचं. इतकं पांढरं, की वावरातले बगळे लाजून तीन दिवस आंघोळ करत बसले. विहिरीत असं काही निघालं की शेंदूर लावायचा, ही तिकडची रीत. वामनरावांनी तेलात कालवून सढळ हातानं थापला. मग मोताळ्याच्या बाजारात सांगून टाकलं, ज्या उल्केनं लोणारचं तळं पाडलं, तिचंच हे पिल्लू!

बाजार हसला. हसला नाही तो फक्त गोविंदा, पहिलीपासूनचा दोस्त. म्हणाला, "दे मले. कॉलेजात दाखवतो. दगडासंग तुहं बी नाव लागन तिथं."

आठवड्यानं तो रिकाम्या हातानं आला. "चुना निघाला बे. फेकला त्यायनं."

त्या दिवसापासून वामनराव दिसले की पोरंटोरं आभाळाकडं बघायची.

एकही बाजार न चुकवणारे वामनराव पुढच्या बाजारी पाय मुरगळला म्हणून वावरातच राहिले. दुपारी पाहतात तर विहिरीवर कॉलेजची वीस पोरं, आणि मधोमध इस्त्रीच्या सदऱ्यात गोविंदा!

पोरांना शिकवणाऱ्या मंजुश्री मॅडमच्या हातात तोच गोळा होता. सुयांच्या बुडाशी शेंदूर अजून तसाच.

"हे स्कोलेसाइट नावाचं खनिज," मॅडम सांगत होत्या. "लाव्हा थिजताना बुडबुड्याची पोकळी राहिली. तिच्यात पाणी झिरपत राहिलं आणि लाखो वर्षांत या सुया वाढल्या. गोविंदरावांना त्यांच्या विहिरीत सापडलं. कपाटात त्यांच्या नावानंच ठेवणार आहोत."

वामनराव लंगडत पुढं झाले. मॅडमनी विचारलं, "हे कोण?"

गोविंदानं वर पाहिलं नाही. "आमचा राखणदार."

जन्मभर थापा मारलेल्या माणसाला त्या घडीला एकही सुचेना. खरं सांगावं, तर या तोंडचं खरं कोण मानणार?

"काऊन रे गोविंदा," ते हळूच म्हणाले, "नाव बी मागतलं असतं तं देलं नसतं काय मी?"

गोविंदा पोरांना खडक दाखवायला वळला. "इकडं या, इकडं. मी स्वतः उतरलो होतो."

वामनराव वळले आणि बांधाबांधानं घराकडं निघाले. मागून मॅडमचा आवाज आला, "गोविंदराव, ते काय म्हणाले?"

"काही नाही मॅडम. थापा मारायची सवय आहे त्याले."