माझ्या पोटातले चिन्नोरचे दाणे

मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हटलं म्हणून हळहळू नका मित्रांनो. एक रविवारही धड न चालता मी जुना झालो आहे. जन्मापासून माझं चित्र खालून वर पळायचं. पडद्यावर माणसाचे पाय वर आणि डोकं खाली. कारखान्यात हे दिसलं असणारच. तरी कुणीतरी मला खोक्यात भरून पाठवून दिलं. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत मी भंडाऱ्याच्या भैय्यालाल शेठच्या दुकानातून शहापूरला आलो, धानाची शेती करणाऱ्या सुलोचनाबाईंकडे. त्यांच्या मोहल्ल्यात तोवर एकच टीव्ही होता, वासुदेवरावांचा. रविवारचा सिनेमा बायकांनी तिथे दारात उभ्यानं बघायचा आणि पाहुणे आले की निघून जायचं. एकदा असंच हुसकावल्यावर सुलोचनाबाईंनी सगळ्याजणींना सांगितलं होतं, "आता माह्या घरी या. बसून पाहू."

त्यांनी मला ओवाळलं. आपल्या धानाच्या शेतातल्या, बांधीतल्या चिन्नोर तांदळाच्या लाल अक्षता इतक्या हौसेनं टाकल्या, की काही दाणे मागच्या फटींतून माझ्या पोटात गेले. मग बटण दाबलं आणि चित्र पळत सुटलं. अंगणातली मंडळी खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेठ म्हणाले, अँटेना बरोबर नाही. सुलोचनाबाईंनी नवऱ्याला, टेकचंदना, हाताशी घेतलं, मला उचलून थेट वासुदेवरावांच्या घरी नेलं आणि त्यांची तार मला जोडायला लावली. तिथेही चित्र पळालं. मग कंपनीनं मला मागवून घेतलं. होळीनंतर मी परत आलो, अंगावर चकचकीत पॉलिश, भोवती कोरं खोकं. सोबत निरोप होता, जुना बदलून नवा दिला आहे.

चित्र पुन्हा पळालं. टेकचंद कंटाळून म्हणाले, "जाऊ दे ना वं. कायले भांडून राहिली?"

"मी बायाईले बोलावलं हाय. त्याईले परत दारात उभं करू का?"

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं भंडाऱ्याला निघालो. वाटेत खड्डा आला की माझ्या पोटात काहीतरी खुळखुळायचं. सुलोचनाबाईंनी कान लावून ऐकलं आणि गालात हसल्या.

दुकानात नागपूरहून कंपनीचे साहेब आले होते. समोर गिऱ्हाइकांची गर्दी. साहेब म्हणाले, "बाई, हा नवा सेट आहे. तुम्हाला चालवता येत नाही."

सुलोचनाबाईंनी मला काउंटरवर ठेवून तिरपं केलं. टपटप लाल दाणे पडले.

"हे माह्या बांधीतलं चिन्नोर हाय. तुमच्या कंपनीत धान पिकते का जी?"

साहेब गडबडीनं म्हणाले, "बघा! तांदळानंच बिघडला हा!"

"मंग नवा काहून म्हणता?"

दुकान हसलं. या खेपेला ते मला हसत नव्हते. कंपनीनं मला उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, हे साऱ्या बाजाराला कळलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, शाबास बाई! त्या जिंकल्या की माझी रवानगी भंगारात होणार, हे ठाऊक असूनही वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी खरोखरचा नवा टीव्ही लागला. बायका सतरंजीवर मांडी घालून बसल्या. दुकानातून मला परत त्यांच्याच घरी आणलं होतं, मी कोपऱ्यातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं मला न्यायला आली, तेव्हा सुलोचनाबाईंनी माझ्यावरची धूळ पदरानं पुसली. म्हणाल्या, "याचा काय दोष? बनवणाऱ्यानं कामचुकारी केली."

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे मी सांगणारच. पण जो ती बनवतो, त्यानंही जीव लावून बनवावी. आणि कुणी "असंच असतं, सवय करा" म्हणालं, तर मान डोलावू नका. मी आज कंपनीच्या गोदामात धूळ खात पडलो आहे. माझ्या अंगावर त्यांना 'नवा' म्हणून कसलीही चिठ्ठी चिकटवू द्या. मला नुसतं तिरपं करून पाहा. दोन दाणे अजून आत आहेत.