ओरखड्यावरून धावलेला भोवरा

मी भोवरा बोलतोय. दोरी गुंडाळून फेकतात तो नव्हे. तसा असतो तर निदान कुणाच्या तळहातावर तरी नाचलो असतो. मी चुंबकीय भोवरा, पुस्तकी नाव स्कर्मिऑन. धातूच्या अतिपातळ थरात अणूंची इवली चुंबकं गोल फेर धरतात, तो फेर म्हणजे मी. केसाच्या जाडीत माझ्यासारखे डझनांनी मावतील.

माझा जन्म एका अरुंद पट्टीवर झाला. पट्टी बनवणाऱ्या संशोधक मुलीची पदवी माझ्या चालीवर अडली होती. विजेचा झटका दिला की आम्ही भोवरे पुढे सरकतो, पण सरकताना एका बाजूला कलतो. आमच्या जातीचा स्वभावच तो. कलत कलत काठाला लागलो की खेळ खलास. आमच्यात माहिती साठवू पाहणाऱ्यांना हे परवडत नाही. तिच्या सरांनी मात्र परिषदेत छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, की आम्ही खास रचलेल्या धातूच्या थरांवर भोवरा नाकासमोर चालतो. बाजारात तुरी, दुसरं काय!

आणि मी खरंच तसा चाललो. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर माझा काळा ठिपका आखलेल्या रेघेवरून जावा तसा गेला. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. बाकीच्या पट्ट्यांवर माझे भाऊबंद काठाला लागून मरत होते. त्या पट्ट्या 'खराब' ठरून डबीत पडल्या. सोयीचं तेवढं खरं मानायचं, ही माणसांची जुनी खोड.

कारण शेवटी तिलाच सापडलं. पट्टी उचलताना तिच्या चिमट्याचा बारीक ओरखडा उमटला होता, थेट लांबीभर. चाक चाकोरीतून जावं तसा मी त्यातून घसरत होतो. थरांचं त्यात काडीचंही कर्तृत्व नव्हतं.

ती सरांकडे गेली. नव्या, स्वच्छ पट्टीवर पुन्हा करून बघते म्हणाली. सरांनी आधी शांतपणे समजावलं: लेख छपाईला गेलाय, तुझी आई किती वर्षं वाट बघतेय. मग म्हणाले, "सरळ गेला एवढंच आपण लिहिलंय, बाळ. का गेला, ते कुणी विचारलंय?"

ती मूग गिळून बसली. पदवी मिळाली. मला तिचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

आज ती सामान आवरायला आलीय, उद्यापासून दुसरीकडे नोकरी. जाता जाता तिनं माझी पट्टी यंत्राखाली ठेवली आणि आजवर कधी दिला नव्हता एवढा मोठा झटका दिला. ओरखडा सुटला. जन्मात पहिल्यांदाच मी माझ्या स्वभावाप्रमाणे बाजूला कललो.

"माहीत होतं मला," ती पडद्याकडे बघत पुटपुटली.

बाई गं, नुसतं माहीत असून काय उपयोग? हे टिपून ठेव, चार लोकांना दाखव. माझा जीव जाणारच आहे, तो फुकट तरी घालवू नकोस.

काठ अगदी जवळ आलाय. ती आणखी एक झटका देतेय, आणि रेकॉर्डिंगचं बटण तिनं दाबलेलंच नाही.