वृंदाताईंची काठी

हरेशने रिक्षातून वॉकर उतरवला आणि अंगणात परत आलेल्या सामानाच्या ढिगाला टेकवून ठेवला. मग आईला काखेत धरून खाली घेतलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेली ठमाबाई दातओठ खात दोन पावलं चालली आणि ओट्यावर मटकन बसली.

वृंदाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या नवऱ्याला, बाळकाकांना जाऊन आज अकरावा दिवस. पेण तालुक्यात कुणाचा पाय मोडला, कुणी अंथरुणाला खिळलं, की काका कुबड्या, वॉकर, खाट घेऊन दारात हजर. आणि आता सगळे ते परत आणून टाकत होते. गेलेल्या माणसाची वस्तू तेराव्याच्या आत त्याच्या दारी पोचवायची, ही म्हणे खाडीकडची रीत. अहो, पण या वस्तू काय त्यांच्या एकट्याच्या होत्या? लोकांनी दिल्या, लोकांसाठी दिल्या!

"ठमाबाई, वॉकरशिवाय तुम्ही चालणार कशा?"

"सरपटत जाईन. पन मेल्या मान्साची वस्तू ठेवायची नाय, बाई. त्याचा जीव अडकतो गो त्यात."

"बाई, वॉकर सोडल्यापासून घरी दोनदा पडली ती," हरेश हळूच म्हणाला. "माझं ऐकत नाय. तुम्हीच सांगा."

काय सांगणार, कपाळ! तेरावं उरकलं की लेक ऋजुता त्यांना रोह्याला घेऊन जाणार होती. घराला कुलूप, कामाला पूर्णविराम. खरं तर सुटल्यासारखंच वाटत होतं त्यांना. पस्तीस वर्षं या माणसाने तालुक्याची हाडं मोजली. बायकोचे गुडघे दुखतात हे मात्र त्याला कधी दिसलं नाही. हे शल्य त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

वॉकर आत ठेवायला म्हणून त्यांनी सामानाच्या खोलीचं दार उघडलं. प्रत्येक वस्तूला काकांनी सुतळीने चिठ्ठी बांधलेली असे: घेणाऱ्याचं नाव आणि तारीख. दारामागे एक नवीकोरी काठी होती. मूठ गुळगुळीत, टोकाला रबर. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची.

'वृंदा. आत्ता दिली तर रागावेल. नंतर.'

त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. रागावल्या असत्याच की! मला म्हातारी ठरवता काय, म्हणून आकांडतांडव केलं असतं. पण घेतली असती. दुसऱ्या दिवशी मुकाट घेतली असती. एकदा द्यायची तरी होती हो.

काठी टेकत त्या बाहेर आल्या. गुडघ्याला खरंच उतार वाटला, आणि त्याचंच जास्त रडू आलं.

"ठमाबाई, ही बघा. माझ्या नावाची. यांनीच ठेवलेली."

ठमाबाईने काठीकडे पाहिलं, मग त्यांच्या कोऱ्या कपाळाकडे.

"मग ही परत कुनाला देनार तुमी?"

"कुणाला देऊ? मी ठेवतेय. अडकू दे जीव अडकायचा तर."

ठमाबाईने पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. हरेशने ढिगापासचा वॉकर उचलून तिच्यापुढे धरला.

रिक्षा वळल्यावर वृंदाताईंनी रोह्याला फोन लावला.

"ऋजू, तेरावं झाल्यावर मी तुझ्याकडे येत नाही. अंगणभर सामान पडलंय. ज्याचं त्याला परत द्यायचंय."

"आई, तू? अगं, तुला चालवतं का?"

"चालवतं," त्या म्हणाल्या. "काठी आहे."