हात्सुनो आजींचा आकडा

“आजींची आंघोळ आज नाही,” असं म्हणून तोकिकोने चाकाच्या खुर्चीचा ब्रेक पायाने दाबला, तो थेट न्हाणीघराच्या दारातच. आतून युझूच्या लिंबांचा वास येत होता. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. त्या दिवशी गरम पाण्यात ही पिवळी लिंबं सोडून डुंबायचं, म्हणून एक्याण्णव वर्षांच्या हात्सुनो आजी महिनाभर वाट बघत होत्या.

“किती आला ताप?” आजींनी विचारलं.

“छत्तीस पॉइंट सहा.”

“मग? शाळेच्या पुस्तकात निरोगी माणसाचा हाच तर आकडा असायचा. सोड मला.”

आजींचंही खोटं नव्हतं. जपानातल्या अकिताच्या त्या वृद्धाश्रमात नियम सरळ होता, साडेसदतीस सेल्सिअसच्या खाली असेल तर खुशाल आंघोळ. व्यवस्थापक कामादा साहेबांनी तर कपाळासमोर धरायचं यंत्रच आणलं होतं, दोन सेकंदांत काम फत्ते. पण परिचारिका तोकिको ऐकेल तर शपथ! ती रोज सकाळी प्रत्येकाच्या काखेत जुनं काचेचं थर्मामीटर ठेवून दहा मिनिटं हात धरून बसायची. अर्धांगवायू झालेल्याच्या चांगल्या बाजूला ठेवायची, कारण लुळी बाजू गार असते, फसवते. एकतीस वर्षं हा क्रम चालू होता. बाई ताप बघतात की गप्पा मारतात, असं साहेब चिडवायचे. दोन्ही, असं ती सांगायची.

औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून तिने एक यादी चिकटवली होती. काही झालेलं नसताना कोणाचं अंग किती असतं, त्याची. वरच्या मजल्यावरचे इवाबुची आजोबा छत्तीस पॉइंट नऊला ठणठणीत. हात्सुनो आजी मात्र पस्तीस पॉइंट तीन. आणि आज सकाळी आजींनी पेजही अर्धी टाकली होती.

आश्रमाचे डॉक्टर तिच्या निम्म्या वयाचे. फोनवर म्हणाले की हा ताप नव्हे, उद्या बघू.

“जगाचा नसेल, डॉक्टर. आजींचा आहे,” तोकिको म्हणाली. “एका डिग्रीच्या वर चढलाय. मी त्यांना दवाखान्यात नेते.”

कामादा साहेबांनी डोक्याला हात लावला. ताप नसलेलं माणूस घेऊन गेलो तर लोक हसतील, तुमची निवृत्ती तीन महिन्यांवर आलीय, कशाला ओढवून घेता, असं त्यांचं म्हणणं.

“तीन महिन्यांनी मी नसेन, साहेब. आज आहे ना.”

गाडीत आजी रुसून बसल्या. तोंड खिडकीकडे. क्ष-किरणांच्या फोटोत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. न्यूमोनिया. संध्याकाळी आश्रमाच्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला. आणखी दोन दिवस गेले असते तर आजी हाती लागल्या नसत्या, असं म्हणाले. मग जरा अवघडून त्यांनी कपाटातल्या यादीची प्रत मागितली. अशा बायकांना कोणी हारतुरे घालत नाही, पण माणसं जगतात ती त्यांच्या जिवावर.

जानेवारीत आजी परत आल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, “माझी लिंबं कुठायत?” तोकिकोने दोन युझू फ्रीजमध्ये गोठवून ठेवली होती. त्या सकाळचा आकडा पस्तीस पॉइंट तीन होता. आजी तासभर पाण्याबाहेर यायला तयार नव्हत्या.

मार्चअखेर तोकिकोचा शेवटचा दिवस. फुलं झाली, साहेबांचं भाषण झालं. यादी जिथे आहे तिथेच राहील, असंही ते म्हणाले. ती निघणार तेवढ्यात आजींनी हाक मारली.

“बस इथे, पोरी. काख उघड.”

“मला काय झालंय, आजी?”

“काही झालेलं नसतानाच बघायचं असतं. तूच सांगतेस ना सगळ्यांना?”

थर्मामीटर लावून आजींनी तिचा हात धरला. दहा मिनिटं. एकतीस वर्षांत तिचा आकडा तिला कोणी विचारला नव्हता. तोकिकोच्या डोळ्यांना धार लागली, पण तिने हात हलवला नाही.

आजींनी चष्मा लावून आकडा वाचला. खुर्ची कपाटापाशी न्यायला लावली. यादीत स्वतःच्या नावाखाली लिहिलं: तोकिको, छत्तीस पॉइंट एक. मग कपाटाचं दार नीट लावून घ्यायला सांगितलं.