चारही चाकं पाण्यावर

धर्मेंद्रला गाडी घ्यायची होती, आणि ती फोर व्हील ड्राइव्हच घ्यायची होती. लाखनीच्या त्या घरात सहा महिन्यांपासून दुसरा विषय नव्हता. धर्मेंद्र कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचा. जेवताना मोबाइल वरणाच्या वाटीला टेकवून तो गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. कुठल्या तरी पहाडात चिखलात रुतलेली गाडी गुरगुरत बाहेर निघायची आणि हातातला घास तसाच ठेवून तो बायकोला मोबाइल दाखवत म्हणायचा, "पाय, पाय! मांगची दोन चाकं नुसती जाग्यावर फिरून राहिली होती. पुढच्या दोघांनी ओढून काढली."

"तुम्ही कोणत्या पहाडात जाऊन राहिले जी?" तृप्ती विचारायची. ती सानगडीकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. रोज स्कूटीवर जायची आणि रोज घरी परतायची. रस्त्याचं तिला कौतुक नव्हतं आणि भीतीही नव्हती.

"तुह्या माहेरचा रस्ता पाहिला ना?"

"माह्या माहेरचं नाव पुढं नका करू. वर्षातून तीनदा जातो आपण. तेवढ्यासाठी बाकीचे दिवस ते जड धूड कायले चालवायचं? दोन चाकाले जोर देणारी घ्या, बस झालं."

भंडाऱ्याच्या शोरूममध्येही दोघं जाऊन आले. तिथल्या भावना नावाच्या मुलीनं नीट समजावून सांगितलं. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. दुसरीत लिव्हर टाकली की चारही चाकांना मिळतो, म्हणून चिखल, रेती, चढ असं काही असलं तर ती निघते. पण ती जड असते, डिझेल जास्त पिते, देखभालही जास्त. "सर, तुमचे रस्ते कोणते ते आधी पाहा आणि मग ठरवा," असं म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. बाहेर पडताना दोघांनाही वाटत होतं, पोरगी आपल्याच बाजूनं बोलली.

शेवटी धर्मेंद्रचा मित्र अमर मदतीला धावला. त्याच्याकडे तशीच गाडी होती. किल्ली हातात ठेवत तो म्हणाला, "एक रविवार घेऊन जा. वहिनी एकदा बसल्या की आपोआप हो म्हणतात का नाही, पाय तू."

तो रविवार लगेच आला. नाकाडोंगरीच्या पुढं जंगलाला लागून तृप्तीचं माहेर. तिथं तिचा धाकटा भाऊ सुगत यानं नवं घर बांधलं होतं आणि त्या दिवशी गृहप्रवेश होता. पोळा होऊन गेलेला, धान गर्भात आलेलं, आणि दोन दिवसांच्या झडीनंतर ऊन असं लख्ख पडलं होतं की डोळे दिपावेत. पुढं धर्मेंद्र आणि तृप्ती, मागं सात वर्षांची टीना आणि धर्मेंद्रची आई मंगलाबाई. मंगलाबाईंना गाडी लागायची. त्यामुळे एसी चालू असूनही त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली करून ठेवली होती. धर्मेंद्र दोनदा कुरकुरला, मग त्यानं एसीच बंद केला.

तुमसरच्या अलीकडे फाटकावर अर्धा तास गेला. सुगतचा फोनावर फोन. "ताई, भंतेजी येऊन बसले. तू आल्याबिगर वंदना सुरू होत नाही. कुठं हाय तुमी?" तृप्तीनं तिसरा फोन ठेवला तेव्हा पावणेबारा वाजले होते.

गाव दोन किलोमीटरवर आलं आणि रस्ता नाल्यावरच्या रपट्यापाशी, त्या बुटक्या सिमेंटच्या पुलापाशी, संपला. संपला म्हणजे पाण्याखाली गेला. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस तलावाच्या सांडव्यावरून आता खाली उतरत होता. वर निळंभोर आभाळ, दोन्ही काठांवर वाळत घातल्यासारखं ऊन, आणि मध्ये चाळीसेक पावलं रुंद, मातकट पाण्याचा पट्टा. पाणी फार खोल दिसत नव्हतं. रपट्याच्या कडेचे सिमेंटचे खुंट अर्धे वर होते. पलीकडच्या काठावर चार-पाच माणसं आणि एक ट्रॅक्टर थांबलेला. अलीकडे टॉवेल डोक्याला गुंडाळलेला एक म्हातारा दगडावर बसला होता. धर्मेंद्रनं गाडी थांबवताच तो उठून खिडकीशी आला. नाव तुलाराम, शेत तिथंच.

"थांबा जी साहेब. दोन घंट्यात उतरते पाणी."

"गुडघ्याइतकंच तर दिसते."

"दिसते तेवढंच. पण खालचा रपटा हाय का वाहून गेला, हे तुमाले दिसते का?"

धर्मेंद्रनं पाण्याकडे पाहिलं. सहा महिने व्हिडिओ पाहणाऱ्या त्या माणसाचा हात गिअरवर गेला आणि त्यानं रिव्हर्स टाकला. "बरोबर म्हणतात बाबा," तो म्हणाला. "थांबू आपण. सुगतले सांग, उशीर होईल."

तृप्तीचा फोन पुन्हा वाजायला लागला होता. तिनं तो न उचलताच बंद केला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मंग ही चार चाकाची कायले आणली? दाखवायले? सहा महिने माहं डोकं खाल्लं आणि आता गुडघाभर पाण्याले भेऊन राहिले!"

ती हे रागानं बोलली असंही म्हणता येणार नाही. घाईनं बोलली. बायको नवऱ्याला दिवसातून दहा वेळा बोलते तसं.

धर्मेंद्रनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचे कान लाल झाले. त्यानं लिव्हर ओढली, डॅशबोर्डवर चार चाकांचं हिरवं चित्र उजळलं, आणि गाडी पाण्यात उतरली.

पहिली दहा-पंधरा पावलं काहीच झालं नाही. गाडी जमीन धरून, गुरगुरत जात होती. टीनानं टाळ्या वाजवल्या. धर्मेंद्रच्या ओठांवर हसू यायला लागलेलं तृप्तीनं पाहिलं, आणि तिलाही वाटलं, चला, घ्यावी हीच.

मग आवाज थांबला.

इंजिन चालूच होतं. थांबला तो खालून येणारा खडखडाट, टायरखाली दगड चिरडल्याचा. तो थांबला आणि गाडी एकदम हलकी झाली, झोक्यात बसल्यावर पाय जमिनीवरून सुटतात तशी. धर्मेंद्रनं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी उजवीकडे गेली. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी पुढं गेलीच नाही, आडवीच सरकत राहिली. चारही चाकं फिरत होती आणि एकाही चाकाखाली जमीन नव्हती. हिरवं चित्र डॅशबोर्डवर तसंच उजळलेलं होतं.

"अहो," तृप्ती म्हणाली.

गाडीनं कडेचा एक खुंट मोडला, मागचं अंग रपट्यावरून खाली घसरलं, आणि धाडकन काहीतरी लागून सगळं थांबलं. खाली एक जुनं, वाकलेलं झाड होतं, त्याच्या बुंध्याला गाडी अडकली होती. पाणी पायांत आलं, मग गुडघ्यांवर. धर्मेंद्र काचेचं बटण दाबत होता. काच हलत नव्हती. दार ढकलत होता, तेही उघडत नव्हतं.

तृप्तीनं नोकरीच्या अकरा वर्षांत काय पाहिलं नव्हतं! विंचू चावलेली पोरं, बैलबंडीत झालेली बाळंतपणं. हात कधी थांबले नव्हते. आता ते मांडीवर पडून होते आणि जणू दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ती त्यांच्याकडे बघत होती.

"पोरीले धर रे!" मागून मंगलाबाईंचा आवाज आला. तो धर्मेंद्रसाठी नव्हता. त्यांनी टीनाला काखेत धरून आपल्या उघड्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर काढलं होतं आणि त्या काठावरच्या माणसांना ओरडत होत्या. ट्रॅक्टरचा दोर कमरेला बांधून दोघं पाण्यात उतरलेच होते. अलीकडच्या काठावरून छातीभर पाण्यात तुलारामही उतरला होता. टीना गेली. मग मंगलाबाईंनी मागं वळून सुनेच्या दंडाला धरलं आणि इतक्या जोरानं खेचलं की ती निळी खूण पुढं पंधरा दिवस राहिली. तृप्ती दोन सीटांच्या मधून मागं आली, खिडकीतून निघाली. मग मंगलाबाई, आणि शेवटी धर्मेंद्र.

काठावर टीना रडत नव्हती. तिचे दात वाजत होते. इतक्या उन्हात.

सुगत धावत आला. कुणाच्या तरी कोरड्या लुगड्यात तृप्ती त्याच्या नव्या घरात बसली. वंदना झाली. तिला त्यातला एक शब्दही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की जेवणाच्या पंगतीत तिच्या मामांनी धर्मेंद्रला सगळ्यांसमोर झापलं, "म्हातारा माणूस सांगून राहिला होता ना? मास्तर असून तुले अक्कल नाही?" आणि धर्मेंद्र पत्रावळीकडे बघत म्हणाला, "माह्याच अंगात आलं होतं. माहीच चूक झाली."

तृप्तीनं तोंड उघडलं. मग त्यात भाताचा घास घातला.

अमरलाही त्यानं तेच सांगितलं. गाडी क्रेननं काढून तुमसरला नेली होती. अमर एवढंच म्हणाला, "लोक वाचले ना, जाऊ दे." कॉलेजात तेच, गल्लीत तेच. येणारा प्रत्येक जण धर्मेंद्रला दोन शब्द सुनावून जायचा आणि तो मान हलवायचा. रपट्यावर बसलेल्या धक्क्यातून तृप्ती चार दिवसांत सावरली असती. पण हा दुसरा धक्का उतरेना. या माणसानं एकदाही, भांडणातसुद्धा, घरात दार लावूनसुद्धा, तिचं नाव घेतलं नव्हतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती भाकरी थापत होती. धर्मेंद्र ओट्यापाशी उभा राहून पाणी पीत होता, मंगलाबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. तवा तापलेला तसाच सोडून तृप्ती वळली.

"मी म्हटलं म्हणून तुम्ही गेले."

धर्मेंद्रनं पेला खाली ठेवला. "लिव्हर कोणं ओढली?"

"तुम्ही रिव्हर्स टाकला होता. मी बोलली."

"तू बोलली. रोजच बोलते. मी गाडी चालवून राहिलो होतो."

"सगळ्या लोकाईले काहून सांगत नाही मंग? तुम्हाले सारेच बोलून राहिले..." तिचा आवाज फाटला. "आईलेही मीच सांगते आता. आई, माह्यामुळं..."

"मले काय सांगतेस बाई?" मंगलाबाईंनी मान वर केली नाही. "मी मांगच बसली होती. मले आयकू येत नाही का?"

नऊ दिवस या बाईनं तृप्तीला ताट वाढलं होतं, दंडावरच्या खुणेला तेल लावलं होतं, आणि एक अक्षर बोलली नव्हती.

"तू बोलली, त्यानं आयकलं, आणि मी गप्प बसली," मंगलाबाई म्हणाल्या. "मीही म्हणू शकत होती, थांब म्हणून. मलेही पोराची गाडी पाहाची होती. तवा जळून राहिला, भाकर टाक."

तृप्तीनं भाकरी टाकली आणि मग ती पोटभर रडली. धर्मेंद्र तिथंच उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्यानं भाकरी उलटली.

दिवाळीच्या आधी ते पुन्हा भंडाऱ्याला गेले. धर्मेंद्रनं तृप्तीवर सोडून दिलं होतं. तृप्तीनं भावनाला एकच विचारलं, "वाहत्या पाण्यात कोणती चालते?"

"कोणतीच नाही, मॅडम," ती म्हणाली. "जोर चाकाला जातो, पण चाकाला जमीन लागते."

त्यांनी दोन चाकांना जोर देणारी घेतली. तृप्ती म्हणत होती म्हणून नव्हे. सानगडी, साकोली, भंडारा, त्यांचे रस्ते तेच होते, आणि आता ते दोघांनाही दिसत होतं. माहेरी रपटा टाळून पुलावरून जायचं तर सतरा किलोमीटरचा फेरा पडत होता. तो पडू द्यायचा ठरलं.

गाडी घरी आणताना हमरस्ता सोडून ते गल्लीत वळले. तिथं नळाची पाइपलाइन फुटली होती आणि रस्त्यावर पाणी साचलं होतं. चार बोटं असेल. धर्मेंद्रनं गाडी थांबवली. त्यानं हँडब्रेक ओढला आणि तो पाण्याकडे बघत बसला. मागून एक ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला. तृप्ती दार उघडून उतरली, चपला हातात घेतल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि त्या पाण्यातून सरळ चालत पलीकडे निघाली. मध्ये थांबून तिनं मागं वळून पाहिलं. गाडी तिच्या पावलांमागून हळूहळू येत होती.